हात थरथरतो, पाऊल अडते : मेंदूतल्या तोडणी-चिठ्ठीची गोष्ट



उसाच्या बुडख्यावर कोयत्याचा घाव बसायला अर्धा सेकंदही लागत नाही. डाव्या हातात ऊस धरला, कंबर वाकली, उजवा हात वर गेला नि खाली आला, की ऊस जमिनीलगत तुटला. पुढच्या घावाला वाढे उडाले. बीडकडून आलेला तोडणीवाला दिवसभरात असे हजारो घाव घालतो, आणि घालता घालता शेजारच्याशी बोलतही असतो. त्याला विचारा, "गड्या, मनगट नेमकं कधी वळवतोस?" तो हसेल. त्याला ते सांगता यायचे नाही. त्याचा मेंदू मात्र प्रत्येक घावाला तो हिशेब बिनचूक करीत असतो.

हा हिशेब कोण करतो, कसा करतो आणि तो बिघडला म्हणजे काय होते, हे या लेखात सांगायचे आहे. कारण आपल्या सभासदांत आता साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ आहेत. एखाद्याचा हात थरथरू लागला, चाल आखडली, की घरातली माणसे "वय झालं" म्हणून सोडून देतात. वय झालेले असतेच. पण नुसत्या वयाने हे होत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर औषध आहे.

प्रथम हुकूम निघतो कोठून ते पाहू. पोरी केसांना पट्टा लावतात ना, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, साधारण त्या जागी मेंदूच्या वरच्या थरात एक पट्टी असते. शरीराच्या प्रत्येक भागाला या पट्टीत जागा नेमून दिलेली आहे. माथ्याजवळ पाय, त्याखाली धड, मग हात, आणि कानाकडे चेहरा व जीभ. गंमत अशी की ही वाटणी शरीराच्या आकाराप्रमाणे नाही. मांडी आणि पाठ एवढी मोठी, पण त्यांच्या वाट्याला जमीन थोडी. हाताची बोटे, ओठ आणि जीभ यांनी मात्र मोठा तुकडा बळकावलेला आहे. ज्याचे काम नाजूक, त्याला जमीन जास्त. कॅनडात माँट्रिअल येथे डॉ. पेनफिल्ड यांनी १९३०च्या दशकात जाग्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करताना विजेचा अगदी हलका झटका देऊन कोठे लावल्यावर काय हलते हे पाहिले, आणि हा नकाशा बारकाईने मांडला.

या पट्टीतून निघालेले मज्जातंतू खाली मज्जारज्जूत उतरतात. उतरताना, मानेच्या जरा वर, त्यांतले बहुतेक डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे जातात. म्हणून मेंदूच्या डाव्या बाजूस गाठ अडकली किंवा रक्तस्राव झाला तर उजवे अंग जाते. तो अर्धांगवायू. त्यात रस्ताच तुटलेला असतो, म्हणून ताकद जाते. आपण आज ज्या विकारांबद्दल बोलणार आहोत त्यांत ताकद बहुतेक शाबूत असते; हालचालीचा कारभार बिघडलेला असतो. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सारे सोपे जाईल.

नुसता हुकूम सुटून भागत नाही. त्याचे माप राखावे लागते. ते काम मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या लहान मेंदूचे. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या सुमारे दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या एकूण पेशींपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक त्यात दाटीवाटीने बसलेल्या आहेत. एवढ्या पेशी कशाला, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. तालमीत पोरगा ढाक शिकतो तेव्हा पहिले काही महिने नुसताच स्वतः पडतो. वस्ताद तोच डाव शेकडो वेळा करून घेतात. दर वेळी काय ठरवले होते आणि प्रत्यक्षात काय घडले याची तुलना लहान मेंदू करतो, आणि पुढच्या वेळी फरक दुरुस्त करतो. असे होता होता एक दिवस खासबागेत समोरच्याने पाय पुढे टाकताच डाव बसलेला असतो. विचार नंतर येतो. लहान मेंदू बिघडला तर माणूस पेल्याला हात घालायला जातो आणि हात पुढे जातो, चाल फेंगडी होते, जीभ अडखळते. दारू प्यालेल्या माणसाची चाल तशीच का असते? दारूचा अंमल लहान मेंदूवर लवकर चढतो म्हणून.

आता मुख्य गोष्ट. मेंदूच्या अगदी पोटात, दोन्ही बाजूंना, पेशींचे काही गठ्ठे आहेत. डॉक्टर त्यांना बेसल गँग्लिया म्हणतात. त्यांचे काम समजून घ्यायला साखर कारखान्याच्या सभासदाइतका लायक माणूस दुसरा नाही. हंगामात काय असते? गावोगाव ऊस पक्व होऊन उभा आहे. टोळ्या आल्या आहेत, गाड्या तयार आहेत. तरी कुणी उठून आपल्या फडाला कोयता लावत नाही. शेती खात्याची तोडणी-चिठ्ठी यावी लागते. चिटबॉय चिठ्ठी घेऊन आला की तेवढा फड सुटतो, बाकीचे थांबतात. सगळ्यांनी एकदम तोड घेतली तर गव्हाणीत नुसता गोंधळ होईल, आणि कोणालाच चिठ्ठी मिळाली नाही तर कारखाना 'नो केन' म्हणून बंद पडेल.

बेसल गँग्लिया हे शरीराचे शेती खाते. त्यांचा नेहमीचा हुकूम 'थांबा' असा असतो. उठायचे, बसायचे, हात हलवायचा, मान वळवायची, अशा असंख्य हालचाली मेंदूत तयार उभ्या असतात आणि हे गठ्ठे त्या सर्वांना दाबून धरतात. मग ज्या हालचालीची गरज आहे, तेवढीवरचा दाब क्षणभर उचलतात. तेवढी चिठ्ठी सुटते. आणि चिठ्ठीवर शिक्का उठायला शाई लागते, तशी इथे डोपामिन नावाच्या रसायनाची गरज असते. ते मेंदूच्या देठात एका काळसर पट्ट्यातल्या पेशी तयार करतात. तो पट्टा उघड्या डोळ्यांना खरोखरच काळा दिसतो.

हे खाते दोन तऱ्हांनी बिघडू शकते. एक, चिठ्ठ्या सुटेनाशा होतात. दोन, न मागता सुटू लागतात.

दुसऱ्या तऱ्हेत अंग आपोआप नाचल्यासारखे हलते, किंवा हात, मान, पाय पीळ घातल्यासारखे वळतात आणि तसेच राहतात. हंटिंग्टनचा आजार यातला. तो घराण्यात चालतो. काही वेळा पीळ एकाच कामापुरता पडतो. हिशेबनीस माणूस जेवताना, बटण लावताना ठीक असतो. लेखणी धरली की बोटे आवळतात. लोकांना हे ढोंग वाटते. ते ढोंग नाही.

या पिळाचे एक उदाहरण उसाशी संबंधित आहे आणि आपल्या सर्वांना ठाऊक असायला हवे. उत्तर चीनमध्ये ऊस होत नाही. तिकडे दक्षिणेतून ऊस नेऊन हिवाळाभर साठवायचा आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये खायला विकायचा, अशी पद्धत होती. १९७२ ते १९८९ या काळात तिथल्या १३ प्रांतांत साठवलेला बुरसट ऊस खाऊन ८८४ जणांना विषबाधा झाली, ८८ दगावले. आधी उलट्या, डोके दुखणे, चक्कर, मग झटके आणि बेशुद्धी. वाचलेल्यांपैकी काहींना, विशेषतः मुलांना, काही दिवसांनी हातापायांत पीळ सुरू झाला आणि तो कायमचा राहिला. तपास झाला तेव्हा उसावर वाढलेली आर्थ्रिनियम जातीची बुरशी सापडली. ती ३-नायट्रोप्रोपिऑनिक आम्ल नावाचे विष तयार करते. हे विष पेशींना साखरेतून मिळणारी ऊर्जा तोडते, आणि त्याचा तडाखा नेमका बेसल गँग्लियाला बसतो. मेंदूची छायाचित्रे काढली तेव्हा दोन्ही बाजूंचे ते गठ्ठे मेलेले दिसले.

आपण ऊस फडातून ताजा खातो, त्यामुळे भिऊन जायचे कारण नाही. आपल्या शेतातली लाल कूज ही वेगळ्या बुरशीची, तिचा याच्याशी गोंधळ करू नये. पण आतून तांबूस-तपकिरी झालेला, आंबूस वास मारणारा, कित्येक दिवस पडून राहिलेला ऊस पोरांच्या हातात देऊ नये.

आता पहिली तऱ्हा. चिठ्ठीच सुटत नाही. १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी असे सहा जण पाहून एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातल्या काहींना त्यांनी नुसते रस्त्यात चालताना पाहिले होते. पुढे आजाराला त्यांचेच नाव पडले. आपल्याकडे आयुर्वेदात 'कंपवात' हे नाव जुने आहे. या आजारात तो काळा पट्टा फिका पडत जातो, म्हणजे डोपामिन करणाऱ्या पेशी मरत जातात. बाहेर पहिली खूण दिसेपर्यंत साधारण निम्म्या पेशी गेलेल्या असतात. का मरतात, याचे पुरे उत्तर अजून कोणाजवळ नाही.

खुणा अशा. सुरुवात बहुधा एका अंगाला होते. हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखे हलते. चालताना एका बाजूचा हात झुलत नाही. पावले आखूड पडतात, वळताना चार-सहा पावले लागतात. चेहरा कोरा दिसतो. घरच्यांना वाटते, म्हातारा रागावलाय. आवाज बसतो. आणि पुष्कळांत कित्येक वर्षे आधीपासून वास येईनासा झालेला असतो, मलावरोध असतो, झोपेत ओरडणे-हात मारणे असते.

आणखी एक खूण आपल्या संस्थांच्या खिडकीवर रोज दिसते. ऊस बिलाची रक्कम काढायला आलेल्या सभासदाची सही जुळत नाही म्हणून पावती परत येते. मागे उभा असलेला मुलगा म्हणतो, "आबा, जरा मोठी सही करा की." आबा म्हणतात, "करतोय की लेका, हातच चालंना." पहिली दोन अक्षरे बरी असतात, मग बारीक, आणखी बारीक, शेवटची मुंगीएवढी. अशी सही दिसली तर ती नमुन्याच्या कार्डाशी ताडून परत करण्याआधी त्या माणसाला डॉक्टरकडे पाठवायला हवे. आणि बँकेचे काम अडायला नको: सही करता न येणाऱ्या आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांनी ओळखला, त्यांतला एक बँकेचा जबाबदार नोकर असला, की पैसे देता येतात, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे.

मात्र प्रत्येक थरथरणारा हात पार्किन्सनचा नसतो. उलट, जास्त लोकांना होणारा कंप वेगळाच आहे. त्यात हात स्वस्थ असताना ठीक असतो आणि चहाची कपबशी उचलली की थरथरतो. वडिलांना होता, चुलत्याला होता, असे बहुधा आढळते. तो त्रासदायक, पण त्या मानाने निरुपद्रवी. थायरॉइड वाढल्यानेही हात थरथरतात. आणि चाळिशीच्या आतल्या तरुणाचा हात थरथरत असेल तर रक्तातले-लघवीतले तांबे आणि डोळे अवश्य तपासून घ्यावेत. विल्सनच्या आजारात शरीरात तांबे साठते. वेळेवर कळला तर औषधाने माणूस बरा राहतो, उशीर झाला तर यकृत आणि मेंदू दोन्ही जातात.

आता औषधाबद्दल एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण खेडोपाडी ती फार घडते. पित्त, ओकारी, चक्कर यांवरच्या काही गोळ्या डोपामिनचा मार्गच अडवतात. मेटोक्लोप्रमाइड, लेव्होसल्पिराइड, सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही त्यांतली नावे. पित्ताच्या काही कॅप्सुलींत लेव्होसल्पिराइड जोडीला घातलेले असते, आणि तीच कॅप्सूल दुकानातून पुन्हा पुन्हा आणून माणूस महिनोन्‌महिने खातो. मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही असेच होते. परिणाम हुबेहूब पार्किन्सनसारखा : हात थरथरतो, अंग आखडते. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतार पडतो. तेव्हा डॉक्टरकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. मानसिक आजाराची औषधे मात्र मनाने बंद करू नयेत.

औषधाने हालचाल थांबते, यातूनच खऱ्या औषधाचा शोध लागला, आणि त्या कथेत आपल्या दोन वनस्पती आहेत. पहिली सर्पगंधा. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे ५० रुग्णांवर पाहून १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात मांडले. जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी मुळीतला रेझर्पिन हा घटक वेगळा केला. तो वापरताना काही रुग्ण पार्किन्सनच्या रुग्णासारखे आखडलेले दिसू लागले. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी सशांना रेझर्पिन दिले. ससे कान पाडून जागच्या जागी खिळून बसले. मग त्यांनी डोपा नावाचे द्रव्य टोचले, आणि थोड्याच वेळात ससे हिंडू लागले. हे साल १९५७. रेझर्पिनने डोपामिन संपले होते, डोपाने ते भरून आले. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या होर्नीकिविच यांना पार्किन्सनने वारलेल्यांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी आढळले, आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कचे कोत्झियास यांनी डोपा पोटातून मोठ्या मात्रेने देऊन रुग्ण चालते केले. कार्लसनना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजही या आजारावर लेव्होडोपाइतके गुणकारी औषध दुसरे नाही. डोपामिन थेट गिळले तर मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरते आणि आत गेल्यावर डोपामिन होते.

दुसरी वनस्पती खाजकुइली. हो, तीच. शेंगेवरची कुसे अंगाला लागली की दिवसभर खाजवत बसायला लावणारी, जिच्या जोरावर शाळकरी पोरांनी मास्तरांच्या खुर्चीशी दावे साधले ती. तिच्या बियांना वैद्य कवचबीज म्हणतात. मद्रास येथे दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच त्या बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले होते, पण त्या वेळी त्याचा उपयोग कोणाला ठाऊक नव्हता. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी कवचबीज पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन त्याचा अनुभव १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. १९९५ मध्ये कवचबीजाच्या चूर्णाची ६० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, आणि २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर तुलना झाली; त्यात चूर्णाचा गुण लवकर आला आणि जास्त वेळ टिकला.

हे वाचून कोणी बांधावरच्या शेंगा आणून कुटू नयेत. बियांतले लेव्होडोपाचे प्रमाण वेलागणिक बदलते. कमी पडले तर गुण नाही, जास्त झाले तर उलट्या, रक्तदाब उतरणे, भास. आधीच गोळ्या चालू असतील तर दोन्ही मिळून मात्रा दुप्पट होते. घ्यायचेच तर डॉक्टरांना सांगून घ्यावे.

विषारी औषधांचा विषयही टाळून चालणार नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुणांनी चोरून बनवलेला नशेचा पदार्थ टोचून घेतला आणि ते काही दिवसांत दगडासारखे आखडले. डॉ. लँगस्टन यांनी शोध घेतला; त्या पदार्थात एमपीटीपी हे द्रव्य मिसळले होते, त्यानेच काळ्या पट्ट्यातल्या पेशी मारल्या होत्या. शरीरात त्याचे जे रूप तयार होते, त्याची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी फार मिळतीजुळती आहे. पॅराक्वाट हाताळणाऱ्या शेतकऱ्यांत पार्किन्सन जास्त आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. तेच कारण, असे मात्र अजून ठामपणे म्हणता येत नाही. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. आपण फवारताना तोंडाला फडके बांधले की झाले समजतो. पण पाठीवरचा पंप गळत असतो, सदरा भिजलेला असतो, आणि विष कातडीतून शिरते. गळका पंप आधी दुरुस्त करावा, भिजलेले कपडे लगेच बदलावेत, हातमोजे वापरावेत.

निदान झाले असेल तर घरच्यांनी काय करावे? कोल्हापुरात सी.पी.आर.मध्ये दाखवता येते, मेंदूविकार तज्ज्ञही आहेत. लेव्होडोपाची गोळी घड्याळ लावून घ्यायची. डाळ, दूध, मांस-मटण यांच्याबरोबर घेतली तर ती नीट भिनत नाही; जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. एकाएकी बंद करू नये, त्याने जिवावर बेतू शकते. काही वर्षांनी गोळीचा अंमल लवकर उतरू लागतो किंवा अंग आपोआप हलू लागते. तेव्हा डॉक्टर मात्रा वाटून देतात. निवडक रुग्णांत मेंदूत बारीक तार बसवून विजेचे स्पंदन देण्याची शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होते. ती खर्चिक आहे आणि सगळ्यांना लागू पडत नाही.

व्यायाम मात्र सगळ्यांना लागू पडतो, आणि त्यात ताल असला तर फारच. मनातून निघणारी चिठ्ठी अडलेली असते, पण बाहेरून आलेला ठेका किंवा डोळ्यांसमोरची खूण दुसऱ्या वाटेने हालचाल सुरू करून देते. पुण्यात हृषीकेश पवार यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग घेतले, ते याच तत्त्वावर; तिथले पार्किन्सन्स मित्रमंडळही रुग्णांना एकत्र आणते. आपल्याकडे टाळ आहे, हलगी आहे, लेझीम आहे. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्याला थरथर होते म्हणून घरी बसवू नका. तो उंबऱ्याशी किंवा दारात खिळल्यासारखा उभा राहिला तर हाताला धरून ओढू नका, पडेल. त्याच्या पुढ्यात आपला पाय आडवा ठेवा आणि म्हणा, "तात्या, ह्यावरनं पाय टाका." आश्चर्य वाटेल, पण पाऊल उचलते. जिथे रोज अडतो तिथे फरशीवर पावलापावलाच्या अंतराने रंगाचे आडवे पट्टे मारून ठेवावेत.